शंभर कोटींचा हिशेब

जून 2025 च्या अखेरीस भारतातल्या इंटरनेट जोडण्यांची संख्या 100.28 कोटी झाली. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, तिमाही अहवालातला हा आकडा आहे, आणि बोलण्याच्या ओघात त्याचे ‘शंभर कोटी भारतीय ऑनलाइन’ व्हायला वेळ लागत नाही. विदेश संचार निगमाने 15 ऑगस्ट 1995 रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा ती टेलिफोनच्या तारेवरून, मोडेमची घरघर ऐकत घेण्याची महानगरी चैन होती. मार्च 2014 पर्यंत जोडण्या 25.16 कोटींवर पोचल्या आणि पुढच्या अकरा वर्षांत त्यांची जवळजवळ चौपट झाली. या पुस्तकातल्या तक्त्यांत हा प्रवास वर्षवार मांडला आहे. मात्र तक्त्यांकडे वळण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. तक्ता फक्त विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो. ट्राय कंपन्यांना विचारते की तुमचे इंटरनेटचे ग्राहक किती. कंपन्या आपल्या दप्तरातली संख्या सांगतात आणि त्यांची बेरीज होते. व्यापाराच्या दृष्टीने हा प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तरही बरेचसे खरे आहे. पण देशातली किती माणसे इंटरनेट वापरतात, स्वतःच्या हाताने वापरतात का, आणि त्यावर आपले काम उरकू शकतात का, हे प्रश्न त्यात विचारलेलेच नाहीत. दरवर्षीच्या वाढीचा आकडा जोडण्यांच्या विक्रीचा आहे. वापराचा हिशेब दोन वेगवेगळ्या तक्त्यांमधल्या तफावतीत शोधावा लागतो. या प्रस्तावनेत मला एवढेच दाखवायचे आहे, पण ते नीट दाखवायला थोडी आकडेमोड करावी लागेल.

सुरुवात गाव आणि शहर या जुन्या विभागणीपासून करू. मार्च 2024 च्या अखेरीस ट्रायच्या नोंदीत 95.44 कोटी इंटरनेट जोडण्या होत्या. त्यांपैकी सुमारे 55.6 कोटी शहरी आणि 39.8 कोटी ग्रामीण. त्याच वर्षाचा दुसरा आकडा इंटरनेट अँड मोबाइल असोसिएशन ऑफ इंडिया आणि कांतार यांच्या सर्वेक्षणाचा. तिथे एकक आहे माणूस: गेल्या महिनाभरात एकदा तरी इंटरनेट वापरलेली व्यक्ती. अशा व्यक्ती त्यांच्या अंदाजाप्रमाणे 88.6 कोटी, त्यांपैकी 48.8 कोटी ग्रामीण भागात. म्हणजे शहरात 39.8 कोटी. आता हे दोन्ही तक्ते शेजारी ठेवा. शहरात शंभर वापरकर्त्यांमागे 140 जोडण्या पडतात, गावात शंभर वापरकर्त्यांमागे 82 सुद्धा भरत नाहीत. शहरातला माणूस दोन सिमांचा फोन वापरतो, घरी ब्रॉडबँड घेतो, कामाचा नंबर वेगळा ठेवतो. त्याची दोनतीनदा मोजणी होते. गावात एक फोन सासू, सून आणि शाळकरी पोर यांच्यात फिरतो. तिथे तीन माणसांची एक जोडणी होते. एकाच बेरजेत एकीकडे फुगवटा आहे आणि दुसरीकडे खळगा, आणि दोन्ही एकमेकांना झाकतात. म्हणून एकूण आकडा दिसायला ठीक वाटतो. अर्थात या तुलनेला मर्यादा आहेत. ग्रामीण कशाला म्हणायचे याबद्दल कंपनीचे दप्तर आणि सर्वेक्षण यांचे निकष सारखे नाहीत. मुंबई-पुण्यात कामाला आलेल्या माणसाचे सिम गावच्या पत्त्यावर असू शकते किंवा उलटही. पण असे स्थलांतर धरूनही इतकी मोठी आणि परस्परविरुद्ध दिशांची तफावत नुसत्या पत्त्यांच्या गोंधळाने पडणार नाही.

हीच तफावत बाई आणि पुरुष यांच्यात शोधली तर चित्र आणखी उघड होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचे क्षेत्रकाम 2019 ते 2021 या काळात झाले. त्यात 15 ते 49 वयोगटातल्या स्त्रियांना विचारले होते की तुम्ही कधी तरी इंटरनेट वापरले आहे का. ‘कधी तरी’ यापेक्षा सैल निकष असू शकत नाही. तरीही देशभरातल्या 33.3 टक्के स्त्रियांनीच होकार दिला. पुरुषांमध्ये तो 57.1 टक्के होता. त्याच सुमाराला, मार्च 2020 मध्ये, ट्रायच्या दप्तरात 74 कोटींहून अधिक जोडण्या होत्या. महाराष्ट्रात हे प्रमाण स्त्रियांमध्ये 38 टक्के, तर शेजारच्या गोव्यात 73.7 टक्के. कोकण रेल्वेच्या एकाच गाडीने जोडलेल्या दोन राज्यांत जवळजवळ दुपटीचे अंतर आहे, आणि ते मोबाइल टॉवरांनी पडलेले नाही हे सांगायला तंत्रज्ञ लागत नाही. शिक्षण, हाती येणारा पैसा, घरातली मोकळीक, लहान अंतरांवरची शहरे, सगळेच त्यात आले. ही आकडेवारी आता जुनी झाली, हा आक्षेप खरा आहे. म्हणून नवी घेऊ. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 80 व्या फेरीत, 2025 च्या पहिल्या तीन महिन्यांत, दूरसंचाराचा स्वतंत्र अभ्यास झाला. 86.3 टक्के घरांत इंटरनेट पोचले आहे आणि 85.5 टक्के घरांत किमान एक स्मार्टफोन आहे. 2017-18 मध्ये इंटरनेटची सोय असलेली घरे 23.8 टक्के होती हे आठवले, तर ही झेप थक्क करणारी आहे आणि ती कमी लेखण्याचे कारण नाही. पण त्याच अहवालाचा पुढचा तक्ता बघा: ग्रामीण भागात 15 वर्षांवरच्या पुरुषांपैकी 80.7 टक्क्यांकडे स्वतःचा मोबाइल आहे, स्त्रियांपैकी 48.4 टक्क्यांकडे. घरात नेट आले; ते घरात कुणाच्या खिशात आहे, हा प्रश्न जागेवरच राहिला.

पुढच्या पिढीत हे आपोआप मिटेल असे मानणाऱ्यांसाठी प्रथम संस्थेचा 2023 चा ‘असर’ अहवाल महत्त्वाचा आहे. त्या वर्षी त्यांनी 28 ग्रामीण जिल्ह्यांतल्या 14 ते 18 वयाच्या मुलामुलींकडे लक्ष दिले. घरात स्मार्टफोन असणे आणि तो चालवता येणे या दोन्हींत नव्वद टक्क्यांच्या आसपास होकार होता. पण चालवता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे 43.7 टक्के आणि मुली 19.8 टक्के. या अहवालाची खरी कमाई मात्र वेगळी आहे. त्यांनी नुसते विचारले नाही, फोन आणायला सांगून कामे करून घेतली: गजर लावा, अमुक माहिती शोधा, नकाशावर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायला किती वेळ लागेल ते काढा. सर्वेक्षणाच्या वेळी चालू फोन आणू शकली ती सुमारे दोनतृतीयांश मुले. व्हिडिओ शोधणे बहुतेकांना जमले, नकाशाशी झगडताना पुष्कळजण अडले. वापर मोजायचा तर तो असा मोजावा लागतो, आणि तो महाग पडतो. कंपनीच्या संगणकातून तो बाहेर पडत नाही.

यावर एक समंजस आक्षेप येतो आणि तो इथल्या समाजाच्या जाणिवेतून येतो. वाटून वापरणे ही आपली रीत आहे, तिला कमतरता का म्हणायचे? चावडीवर येणारे एक वर्तमानपत्र दहा जण वाचत, तेव्हा कुणी खपाच्या आकड्यावरून वाचक मोजत नसे. तसे पाहिले तर जोडण्यांचा आकडा वापर वाढवून नाही, कमी करूनच सांगतो. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ग्रामीण भागापुरते वरच्या तुलनेनेच ते सिद्ध होते. कीर्तन ऐकणे, पिक्चर बघणे, दुबईतल्या मुलाशी व्हिडिओवर बोलणे, या गोष्टी वाटून होतात. पण वर्तमानपत्र वाचकाला ओळखत नव्हते, फोन ओळखतो. बँक, आधार, शिधापत्रिका, विमा, पीकनोंद या सगळ्यांचा ओटीपी एका नंबरावर येतो, आणि तो नंबर ज्याच्या हाती त्याला घरातल्या इतरांचे व्यवहार कळतात, हवे तर अडवताही येतात. डॉक्टरला काही विचारायचे असेल किंवा घरातल्याच माणसाविरुद्ध तक्रार करायची असेल, त्या बाईला वाटून घेतलेला फोन उपयोगाचा नाही. राज्य सरकारच्याच अनुभवात याची कबुली सापडते. महाराष्ट्रात 15 ऑगस्ट 2021 पासून ‘ई-पीक पाहणी’ सुरू झाली. शेतकऱ्याने आपल्या शेतात उभे राहून फोटोसह पीक नोंदवायचे आणि ती नोंद सातबाऱ्यावर चढायची. कल्पना चांगली होती, तलाठ्याच्या हेलपाट्यांना उतारा होती. पण एकाच फोनवरून अनेक खातेदारांची नोंदणी करण्याची सोय ॲपमध्ये ठेवावी लागली. खातेदार तितके फोन नाहीत, हे ज्यांनी ॲप बनवले त्यांना ठाऊक होते. ‘सगळे ऑनलाइन आहेत’ असे धरून चालणाऱ्या घोषणांना मात्र ते ठाऊक नसते.

याची सर्वांत मोठी किंमत 2021 च्या उन्हाळ्यात दिसली. 1 मे पासून 18 ते 44 वयोगटाला कोविडची लस खुली झाली, पण कोविन संकेतस्थळावर आधी नोंदणी आणि वेळ ठरवण्याची अट होती. सर्वोच्च न्यायालयाने 31 मे च्या आदेशात सरकारला विचारले की ज्यांच्याकडे साधन नाही त्यांनी काय करायचे, आणि हा प्रश्न विचारताना घरोघरीच्या सर्वेक्षणाचे आकडे समोर ठेवले. पुढे थेट केंद्रावर जाऊन नोंदणी करायची मुभा मिळाली. त्या वर्षी मार्चअखेर देशात 82 कोटींहून अधिक जोडण्या होत्या. जोडण्यांच्या तक्त्यावरून धोरण आखणाऱ्याला ती अट वाजवी वाटली असती. घरांच्या तक्त्यावरून ती टिकत नव्हती. आकड्याचे एकक ही विद्वानांची किरकिर नाही, असे मी म्हणतो ते या कारणाने. एप्रिल 2025 मध्ये त्याच न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणे हा घटनेच्या 21 व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. तो खटला ॲसिड हल्ल्यात चेहरा गमावलेल्या आणि दृष्टिहीन व्यक्तींचा होता, ज्यांच्याकडून केवायसीचा कॅमेरा डोळ्यांची उघडझाप मागत होता. जोडणी त्यांच्याकडेही असेल. ट्रायच्या बेरजेत त्याही व्यक्ती आहेत.

आता किमतीकडे. या दशकातल्या वाढीचे श्रेय बहुतेक विश्लेषक स्वस्त डेटाला देतात आणि ते बरोबर आहे. 5 सप्टेंबर 2016 रोजी जिओची सेवा सुरू झाली, ती पुढच्या मार्चपर्यंत फुकट राहिली, आणि बाकीच्या कंपन्यांना दर कोसळवावे लागले. कित्येक कंपन्या त्या धडकेत संपल्या किंवा विकल्या गेल्या. मार्च 2014 मध्ये एका जीबीला सरासरी 269 रुपये पडत, मार्च 2024 मध्ये 9 रुपयांच्या आसपास. हा तक्ता सगळीकडे छापला जातो. पण गरीब ग्राहक जीबीच्या हिशेबाने खरेदी करत नाही. तो नंबर चालू ठेवण्याची किंमत मोजतो. ती किंमत उलट्या दिशेने गेली. काही वर्षांपूर्वी 99 रुपयांत सिम महिनाभर जिवंत राही. 2024 च्या जुलैमधल्या दरवाढीनंतर मोठ्या खासगी कंपन्यांचे सर्वांत स्वस्त नेहमीचे पॅक 200 रुपयांच्या घरात गेले. शिवाय कंपनीचा महिना 28 दिवसांचा, त्यामुळे वर्षात तेरा रिचार्ज. जीबी एकोणतीस पटींनी स्वस्त झाला आणि उंबरठा दुप्पट उंच झाला, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. वार्षिक अहवालांत पहिलीच दिसते, कारण ती जास्त वापरणाऱ्याची बाजू आहे. ज्यांना फक्त बोलायचे असते, जे बटनांच्या फोनवर समाधानी असतात, त्यांनाही डेटा असलेले पॅक घ्यावे लागत होते. अखेर डिसेंबर 2024 मध्ये ट्रायने केवळ बोलणे आणि एसएमएस यांसाठी वेगळे पॅक ठेवण्याचा नियम केला. या नियमाची गरज पडावी यातच बरेच काही आले.

दरवाढीनंतर काय झाले हेही पाहण्यासारखे आहे. जून 2024 मध्ये 96.96 कोटी जोडण्या होत्या, मार्च 2025 मध्ये 96.91 कोटी. नऊ महिने आलेख आडवा. जोडण्यांनाच वापर मानणाऱ्याला इथे देशाचे इंटरनेट थांबले असे म्हणावे लागेल. पण कांतारच्या अंदाजात 2024 मध्ये वापरणारी माणसे आठ टक्क्यांनी वाढली होती. दोन्ही विधाने एकत्र बसतात, जर आपण असे धरले की शहरातल्या अनेकांनी जास्तीचे सिम सोडून दिले आणि त्याच वेळी गावात नवी माणसे, बहुधा घरातल्याच फोनवर, नेटवर आली. हा माझा अर्थ आहे, तक्त्याचा नाही. पण तो धरल्याशिवाय ते दोन आकडे एकमेकांना खोटे ठरवतात.

वापर किती खोल आहे, यावर मी थोडक्यात बोलतो, कारण तिथे सरासरीने सगळ्यांचे घोडे पुढे दामटले आहे. मार्च 2014 मध्ये दर ग्राहकामागे महिन्याला 62 एमबी डेटा खर्च होई, मार्च 2024 मध्ये 20 जीबी. त्यातले बरेचसे व्हिडिओ, आणि बरेचसे रोजच्या पॅकच्या रचनेतून आलेले: रात्री बारा वाजता उरलेला डेटा वाया जातो, म्हणून बारापर्यंत पाहत राहायचे. 98 टक्के वापरकर्ते भारतीय भाषांतला मजकूर पाहतात असेही तोच कांतारचा अहवाल सांगतो. एखादे मराठी गाणे ऐकले तरी माणूस या 98 टक्क्यांत जमा होतो, तेव्हा मराठीने जग जिंकल्याचा आनंद थोडा राखून ठेवावा. याउलट यूपीआयचा आकडा मला अधिक बोलका वाटतो, कारण त्यात माणसाला काहीतरी करावे लागते. 2017-18 या आर्थिक वर्षात 92 कोटी व्यवहार झाले होते, 2024 मध्ये 17,200 कोटींहून अधिक. जगात दुसरीकडे असे उदाहरण शोधावे लागेल. तरीही 2025 च्या मध्यावर सरकारच्या सांगण्याप्रमाणे यूपीआय वापरणाऱ्या व्यक्ती 49.1 कोटी होत्या. शंभर कोटी जोडण्यांच्या जवळपास निम्म्या. व्यवहारांची संख्या वर्षागणिक फुगते त्यात नव्या माणसांबरोबरच त्याच माणसांनी चहाचे दहा रुपयेही फोनवरून देणे आहे.

मग दुसरा, अधिक वजनदार आक्षेप. एकक काहीही असो, दिशा निर्विवाद आहे. आज मागे राहिलेले उद्या येतील, जसे रेडिओ आणि टीव्ही घरोघरी गेले. मग या काटेकोरपणाने काय साधणार? दिशेबद्दल मतभेद नाही. पण आतापर्यंत जे आले ते किमतीच्या अडसरामुळे थांबलेले होते आणि अडसर निघताच आले. जे उरले आहेत त्यांचे अडसर वेगळे आहेत: हँडसेटची किंमत, जी डेटाप्रमाणे पडलेली नाही, अक्षरांशी न जमलेली मैत्री, म्हातारपण, फसवणुकीची भीती, जी सध्याच्या दिवसांत पूर्णपणे सकारण आहे, आणि घरातल्या कुणाची परवानगी. जुन्या वाढीची रेषा पुढे ओढून या माणसांचे वेळापत्रक बांधता येणार नाही. टीव्हीची तुलना आणखी एका कारणाने फसते. टीव्ही नसलेल्याचे रेशन अडत नव्हते. शिवाय जोडणी असलेल्याचीही जोडणी वर्षभर चालू होती का, याला वार्षिक तक्त्यात रकाना नाही. काश्मीरमध्ये ऑगस्ट 2019 मध्ये इंटरनेट बंद झाले, ते मोबाइलवर पूर्ण वेगाने परतायला फेब्रुवारी 2021 उजाडला. मणिपुरात मे 2023 पासून कित्येक महिने तेच. आणि रकान्याचे नाव तेच राहून आतला अर्थ बदलतो असेही होते: ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला लागणारा किमान वेग जानेवारी 2023 मध्ये 512 केबीपीएसवरून 2 एमबीपीएस झाला. त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा ब्रॉडबँड एकाच आलेखावर आखताना वाचकाने तिथे पेन्सिलीने खूण करावी.

घरोघरीच्या सर्वेक्षणांनाही मी देवघरात बसवत नाही. ती उशिरा येतात, नमुन्यावर चालतात, आणि फेरी बदलली की प्रश्न बदलतात. 2017-18 आणि 2025 च्या ज्या दोन फेऱ्या मी वर शेजारी ठेवल्या, त्यांचे प्रश्नही हुबेहूब सारखे नव्हते. उद्योगाच्या संघटनेने केलेल्या सर्वेक्षणाला वाढ दिसण्यात हितसंबंध असतो. ट्रायचा आकडा दर तिमाहीला येतो आणि त्याची शिस्त वाखाणण्यासारखी आहे. तो टाकून द्या असे इथे कुणी सुचवलेले नाही. अडचण एवढीच की तो एकटा वाचला जातो. त्यातही ‘दर शंभर लोकसंख्येमागे’ असा जो रकाना असतो, त्याचा छेद 2011 च्या जनगणनेवरून पुढे काढलेल्या अंदाजावर उभा आहे. त्या जनगणनेत संगणक आणि इंटरनेट दोन्ही असलेली घरे 3.1 टक्के निघाली होती. इतक्या जुन्या जगावर आजचा भागाकार चालला आहे. 2027 च्या जनगणनेचे निकाल आले की या पुस्तकातले निदान अर्धे तक्ते नव्याने भागावे लागतील. तिच्या घरयादीच्या टप्प्यातल्या 33 प्रश्नांत इंटरनेट, संगणक आणि मोबाइल-स्मार्टफोन यांचे प्रश्न आहेत. ते प्रश्न घराला विचारलेले आहेत. घरातल्या माणसांना वेगवेगळे विचारण्याचे काम तेव्हाही नमुना सर्वेक्षणांवरच राहील, आणि म्हणून पुस्तकाच्या उत्तरार्धात जोडण्या, घरे आणि व्यक्ती यांचे तक्ते मुद्दाम समोरासमोरच्या पानांवर छापले आहेत.